हौशी रेडिओ मनोऱ्याचा सामाईक वापर

हौशी रेडिओ मनोऱ्याचा सामाईक वापर म्हणजे वेगवेगळ्या लहरपट्ट्यांवर (बँडवर) काम करणारे अनेक अँटेना एकाच मनोऱ्यावर बसवून त्यांच्याद्वारे हौशी रेडिओ केंद्र चालवणे होय. हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच 'हॅम' मंडळींना, दूरच्या आणि जवळच्या संपर्कासाठी भिन्न लहरलांबीचे अँटेना लागतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र मनोरा उभारण्याइतकी जागा शहरी भागात क्वचितच मिळते. त्यामुळे एकाच मनोऱ्यावर दोन ते सहा अँटेना बसवण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात दाट गृहसंकुले, विमानतळ व लष्करी आस्थापनांमुळे येणारी बंधने, कारखान्यांमधील विद्युत गोंगाट आणि जवळच असलेली खोडदची रेडिओ दुर्बीण यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व येते.

सामाईक मनोऱ्यावर किती अँटेना मावतात, यापेक्षा ते कोणत्या क्रमाने, किती अंतरावर आणि कोणत्या कामासाठी बसवले आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नव्याने चढवलेला प्रत्येक अँटेना मनोऱ्यावरील वाऱ्याचा भार वाढवतो आणि आधीच्या अँटेनांच्या कार्यावरही कमीअधिक परिणाम करतो.

पार्श्वभूमी

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये झाली. त्या वर्षी अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी आपली केंद्रे सुरू केली. सध्या या सेवेचे परवाने दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून परीक्षेनंतर दिले जातात. भारतीय केंद्रांची संकेतनामे सामान्यतः 'व्हीयू-२' किंवा 'व्हीयू-३' या अक्षरांकांनी सुरू होतात.

भारतीय परवानाधारकांना उपलब्ध असलेले प्रमुख लहरपट्टे १.८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतात. त्यांपैकी ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ हे पट्टे लघुलहरींचे आहेत. त्यांच्या वर ५० मेगाहर्ट्झ, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे येतात. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड लहरींमध्ये शेकडोपटींचा फरक असल्याने कोणताही एक अँटेना सर्व पट्ट्यांवर समाधानकारक काम करू शकत नाही.

दिशादर्शी अँटेनांमध्ये यागी-उदा अँटेना सर्वाधिक प्रचलित आहे. जपानमधील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो जगापुढे मांडला. घरांच्या गच्चीवर पूर्वी दिसणारे दूरदर्शनचे आडव्या नळ्यांचे अँटेना याच प्रकारचे होते. १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ या तीन पट्ट्यांवर चालणारा एकत्रित यागी अँटेना हा सामाईक मनोऱ्यावरील सर्वांत जड घटक असतो.

लहरलांबी, उंची आणि उत्सर्जनकोन

लघुलहरी वातावरणातील आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. लहर क्षितिजाशी किती कोन करून निघते, यावर पहिल्या टप्प्याचे अंतर अवलंबून असते. लहान कोनाने निघालेली लहर दूर उतरते, तर मोठ्या कोनाने निघालेली जवळच परतते. आडव्या अँटेनाच्या बाबतीत हा कोन जमिनीपासूनच्या उंचीवर ठरतो. सपाट जमिनीवर लहरलांबीला उंचीच्या चौपटीने भागले असता येणारी संख्या ही मुख्य उत्सर्जनकोनाची ज्या (साइन) असते. हे गुणोत्तर एकापेक्षा जास्त आल्यास मुख्य उत्सर्जन सरळ वरच्या दिशेने होते.

१५ मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी या सूत्राने पुढील आकडे मिळतात.

| वारंवारता (मेगाहर्ट्झ) | लहरलांबी (मीटर) | अर्धलहर अँटेनाची लांबी (मीटर) | मुख्य उत्सर्जनकोन |
|---|---|---|---|
| ३.६ | ८३.३ | ३९.७ | सरळ वर |
| ७.१ | ४२.३ | २०.१ | सुमारे ४५ अंश |
| १४.१५ | २१.२ | १०.१ | सुमारे २१ अंश |
| २१.२ | १४.२ | ६.७ | सुमारे १४ अंश |
| २८.५ | १०.५ | ५.० | सुमारे १० अंश |

या तक्त्यावरून दिसते की एकच उंची सर्व पट्ट्यांना सारखी लाभदायक नसते. २८ मेगाहर्ट्झवर खंडांतर संपर्कास अनुकूल असलेली १५ मीटरची उंची ३.५ मेगाहर्ट्झवर केवळ जवळच्या संपर्काच्या उपयोगाची ठरते. मात्र हा दोषच आहे असे नाही. पुण्याहून नागपूर, लातूर किंवा कोल्हापूर येथील केंद्रांशी बोलण्यासाठी मोठ्या कोनाचे उत्सर्जनच हवे असते. त्यासाठी ७ आणि ३.५ मेगाहर्ट्झचे तारेचे अँटेना अधिक उंच चढवण्याची गरज नसते.

१४४ मेगाहर्ट्झ व त्यावरील लहरी आयनांबरावरून सहसा परावर्तित होत नाहीत. त्यांची मर्यादा बव्हंशी रेडिओ क्षितिजापर्यंत असते. हे अंतर किलोमीटरमध्ये काढण्यासाठी अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. १५ मीटर उंचीला ते सुमारे १६ किलोमीटर येते, आणि तेवढ्याच उंचीच्या दोन केंद्रांमध्ये ते ३२ किलोमीटर होते. चिंचवड आणि चाकण यांमधील सरळ अंतर या मर्यादेच्या आत आहे. तथापि मधल्या टेकड्या आणि उंच इमारती प्रत्यक्ष संपर्कात अडथळा आणू शकतात. म्हणून या पट्ट्यांचे अँटेना मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या टोकाला बसवले जातात.

अँटेनांचा क्रम आणि वाऱ्याचा भार

मनोऱ्याच्या माथ्यावरून वर निघणाऱ्या नळीला मास्ट म्हणतात. मोठा व जड अँटेना मास्टच्या तळाशी, मनोऱ्याच्या माथ्यालगत, आणि क्रमाने लहान होत जाणारे अँटेना वर, ही सर्वमान्य मांडणी आहे. तिचे कारण पुढील गणितावरून स्पष्ट होते.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून वाऱ्याचा दाब काढतात. स्थळानुसार लावायचे गुणक बाजूला ठेवल्यास तो दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन येतो. वाऱ्यासमोरील क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर असलेल्या यागी अँटेनावर, आकारगुणक १.२ धरल्यास, सुमारे ५४८ न्यूटन म्हणजे ५६ किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर पडतो.

हा अँटेना मनोऱ्याच्या माथ्यापासून अर्धा मीटर वर असेल, तर मास्टच्या बुडाशी सुमारे २७४ न्यूटन-मीटर इतके नमनबल निर्माण होते. तोच अँटेना तीन मीटर वर नेल्यास ते सुमारे १,६४० न्यूटन-मीटर, म्हणजे सहापट होते. १५ मीटरच्या मनोऱ्याच्या पायथ्यावरील परिणाम मात्र याच बदलाने जेमतेम १६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून चुकीच्या क्रमाचा पहिला बळी सामान्यतः मास्ट ठरतो. तो वाकतो, अँटेना तिरका होतो आणि फिरकी यंत्राचे दाते तुटतात. वरच्या टोकाला ०.१ चौरस मीटर क्षेत्रफळाचा हलका उभा अँटेना व खाली यागी ठेवल्यास मास्टवरील एकूण नमनबल उलट क्रमाच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांश राहते.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसाबरोबर येणारे झोत अल्पकाळ टिकतात, परंतु ते अचानक येतात. त्यामुळे नवीन अँटेना चढवण्यापूर्वी संपूर्ण मनोऱ्याचा हिशेब नव्याने करावा लागतो. आजवर मनोरा उभा राहिला, एवढ्यावरून तो आणखी भार पेलेल असे अनुमान काढता येत नाही.

ताणाच्या तारांनी उभ्या केलेल्या मनोऱ्यांमध्ये या तारा धातूच्या अखंड लांबीच्या असल्यास त्या स्वतःच अनुनादी होऊन अँटेनाचे उत्सर्जन बिघडवतात. यासाठी तारांमध्ये ठरावीक अंतरावर चिनी मातीचे निरोधक घालतात, किंवा त्याऐवजी विद्युतरोधक दोर वापरतात.

अँटेनांचा परस्पर परिणाम

एकमेकांजवळील दोन अँटेना परस्परांची ऊर्जा ग्रहण करतात. त्यांच्या वारंवारतांमध्ये विषम पटीचे नाते असल्यास हा परिणाम तीव्र होतो. ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली अर्धलहर नळी २१ मेगाहर्ट्झवर दीड लहरीइतकी लांब भरते आणि तेथेही अनुनाद दाखवते. त्यामुळे ७ मेगाहर्ट्झच्या यागी अँटेनाजवळ ठेवलेल्या २१ मेगाहर्ट्झच्या अँटेनाचे दिशात्मक गुण बिघडतात. १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ यांमध्येही असेच तिपटीचे नाते आहे. अशा जोड्यांमध्ये उभे अंतर वाढवणे किंवा एक अँटेना दुसऱ्याशी ९० अंशांत वळवून बसवणे, हे दोन उपाय रूढ आहेत. ज्यांच्यामध्ये असे नाते नाही ते अँटेना दोन ते तीन मीटर अंतरावर सहसा समाधानकारक काम करतात.

एकाच वेळी दोन केंद्रे चालवायची असल्यास अडचण अधिक मोठी होते. एका पट्ट्यावर १०० वॅट शक्तीने प्रक्षेपण चालू आहे, आणि त्यातील केवळ दहाहजारावा अंश शेजारच्या अँटेनात शिरतो आहे, असे मानले तरी दुसऱ्या ग्राहकयंत्राच्या दाराशी १० मिलिवॅट शक्ती पोहोचते. लघुलहरींवरील 'एस-९' दर्जाचा जोरदार संकेत सुमारे ५० पिकोवॅटचा असतो. एक पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लाख कोटीवा भाग होय. म्हणजे शेजारचे प्रक्षेपण हव्या त्या संकेतापेक्षा २० कोटी पटींनी प्रबळ ठरते. याने ग्राहकयंत्र बधिर होते, आणि प्रसंगी त्याचे प्रवेशमंडल जळूही शकते.

यावर प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र पट्टापारक गाळणी बसवतात. अल्पखर्चाचा एक उपाय म्हणजे समाक्ष केबलचा स्टब. ७.१ मेगाहर्ट्झसाठी पाव लहरीइतका, दुसरे टोक जोडून बंद केलेला तुकडा मुख्य केबलला समांतर लावल्यास तो ७ मेगाहर्ट्झच्या संकेतास अडवत नाही, परंतु १४ आणि २८ मेगाहर्ट्झवरील गुणितलहरी जमिनीकडे वळवतो. केबलचा वेगगुणक ०.६६ असल्यास या तुकड्याची लांबी सुमारे ७ मीटर येते.

गंजलेले सांधे हाही उपद्रवाचा स्रोत आहे. दोन धातूंमधील गंजाचा थर डायोडप्रमाणे वागतो आणि नसलेल्या वारंवारता निर्माण करतो. मग गाळण्या बसवूनही गोंगाट थांबत नाही. गरम जस्तलेप दिलेले लोखंड, स्टेनलेस पोलादाचे नटबोल्ट आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर सांध्यांची तपासणी, ही या बाबतीतील नेहमीची दक्षता होय.

केबल आणि फिरकी यंत्र

प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र केबल देणे ही सर्वांत निर्धोक पद्धत आहे. जागा किंवा खर्च कमी करण्यासाठी १४५ व ४३५ मेगाहर्ट्झचे संकेत डायप्लेक्सरच्या साहाय्याने एकाच केबलमधून नेता येतात. लघुलहरींच्या अनेक अँटेनांसाठी मनोऱ्यावर दूरनियंत्रित स्विच बसवून एकच केबल खाली आणतात. मात्र स्विच बिघडल्यास सर्वच अँटेना एकदम निकामी होतात.

एका मास्टवरील सर्व अँटेना एकाच फिरकी यंत्राने फिरतात. यागी अँटेना युरोपसाठी वायव्येकडे वळवला की त्याच मास्टवरील इतर दिशादर्शी अँटेनाही वायव्येकडेच वळतात. त्यामुळे स्थानिक संपर्कासाठी मास्टवर सर्व दिशांना सारखे उत्सर्जन करणारा उभा अँटेना वापरतात, किंवा तो मनोऱ्याच्या बाजूला आडव्या भुजेवर बसवतात. बाजूला बसवलेल्या अँटेनाच्या उत्सर्जनात मनोऱ्याच्या दिशेने काहीशी छाया पडते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर

लोहगाव येथील विमानतळ हा भारतीय हवाई दलाचा तळ आहे. भोसरी, दिघी आणि लगतचा भाग त्याच्या जवळ असल्याने तेथील उंच बांधकामांवर विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी बंधने आहेत. नागरी विमान मंत्रालयाने २०१५ मध्ये उंचीमर्यादेचे नियम अधिसूचित केले असून, त्यांत मास्ट व अँटेना यांची उंचीही इमारतीच्या उंचीत धरली जाते. त्यामुळे बारा मजली इमारतीवरील सहा मीटरची नळीदेखील या दृष्टीने तपासावी लागते. देहूरोड येथील दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांपर्यंतचे संरक्षित क्षेत्र स्थानिक पातळीवर 'रेड झोन' म्हणून ओळखले जाते, आणि तेथे नवीन बांधकामास मनाई आहे.

चाकणपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ती सुमारे १२० ते १,४५० मेगाहर्ट्झ या व्याप्तीतील निवडक पट्ट्यांमध्ये अतिशय क्षीण वैश्विक संकेत टिपते. हौशी रेडिओचे १४४ आणि ४३४ मेगाहर्ट्झचे पट्टे याच व्याप्तीत येतात. गाळणीविना चालणारे प्रक्षेपण, सदोष सांधे आणि आवश्यकतेपेक्षा जास्त शक्ती यांमुळे निर्माण होणारा उपद्रव शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीपुरता मर्यादित राहत नाही. म्हणून या पट्ट्यात पुरेशी तेवढीच शक्ती वापरणे आणि दिशादर्शी अँटेना विनाकारण उत्तरेकडे रोखून न ठेवणे हे जबाबदार वर्तन ठरते.

औद्योगिक वसाहतींमध्ये वेल्डिंग यंत्रे, प्रवर्तन भट्ट्या आणि मोटारींचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रके लघुलहरींवर मोठा गोंगाट निर्माण करतात. अशा ठिकाणी मनोरा उंच केल्याने दूरचे संकेत जसे वाढतात, तसा काही वेळा गोंगाटही वाढतो. त्यामुळे प्रक्षेपणासाठी मनोऱ्यावरील अँटेना आणि केवळ ऐकण्यासाठी जमिनीलगत, गोंगाटाच्या स्रोतापासून दूर असलेला लहान वलयी अँटेना, अशी विभागणी उपयुक्त ठरते. त्याच वेळी या परिसराचा एक लाभही आहे. भोसरीसारख्या वसाहतींतील लहान कारखान्यांमध्ये अँगल कापणे, जोडणे आणि जस्तलेप देणे ही कामे जवळच करून मिळतात.

वीजसुरक्षा आणि भूसंपर्कन

मनोरा परिसरातील उंच धातूची वस्तू असल्याने वीज पडण्याचा धोका गृहीत धरावा लागतो. मनोऱ्याचे पाय, सर्व केबलांची बाह्य आवरणे, वीजरोधके आणि घराचे विद्युत भूसंपर्कन हे एकमेकांशी जोडलेले असणे आवश्यक आहे. त्यांची वेगवेगळी भूसंपर्कने ठेवल्यास वीज पडताच त्यांच्यामध्ये मोठा विभवांतर निर्माण होतो, आणि तो यंत्रातून किंवा माणसाच्या शरीरातून वाट काढतो.

या भागात वरचा मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ असून खाली मुरूम आणि काळा कातळ लागतो. कातळाचा विद्युतरोध जास्त असतो, आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे एकच खोल सळई ठोकण्यापेक्षा अनेक सळया व त्यांना जोडणारी जमिनीखालील तांब्याची किंवा जस्तलेपित पट्टी अधिक परिणामकारक ठरते. पावसाळ्यात मोजलेला रोध समाधानकारक असला, तरी तो मे महिन्यात पुन्हा मोजणे आवश्यक असते.

मनोरा कोसळल्यास तो कोणत्याही दिशेने वीजवाहिनीवर पडणार नाही, इतके अंतर उभारणीपूर्वीच राखावे लागते. मनोऱ्यावर चढताना पूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा, एक आकडा सोडण्यापूर्वी दुसरा अडकवण्याची शिस्त आणि खाली थांबलेला सहकारी या तीन गोष्टी अपरिहार्य मानल्या जातात. सामाईक मनोऱ्यावर आणखी एक धोका असतो. एका अँटेनाची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यावरून कोणी प्रक्षेपण सुरू करू नये, यासाठी सर्व प्रक्षेपकांचा वीजपुरवठा तोडून त्याची किल्ली चढणाऱ्या व्यक्तीकडे देण्याची पद्धत आहे.

परवानग्या आणि शेजारधर्म

मनोरा सामाईक असला, तरी परवाना सामाईक होत नाही. त्याचा वापर करणाऱ्या प्रत्येक हौशी रेडिओचालकाकडे स्वतःचा वैध परवाना असावा लागतो. बांधकामाच्या बाबतीत पिंपरी-चिंचवड शहरात महानगरपालिका नियोजन प्राधिकरण आहे. चाकण पट्ट्यात मात्र भूखंडाच्या स्थानानुसार चाकण नगरपरिषद, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांपैकी कोणाकडे जावयाचे, हे आधी निश्चित करावे लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची ही सभासदांची सामाईक जागा असते. तेथे मनोरा उभारण्यासाठी संस्थेची संमती आवश्यक ठरते. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांविषयीच्या भीतीमुळे अनेकदा या टप्प्यावर विरोध होतो. दोहोंत फरक आहे. भ्रमणध्वनीचे केंद्र अहोरात्र प्रक्षेपण करते, तर हौशी केंद्र चालक बोलत असतानाच प्रक्षेपण करते. तथापि शेजाऱ्यांच्या सर्वच शंका निराधार नसतात. गच्चीच्या जलरोधक थराला पडणारी छिद्रे, वाऱ्यात सुटणारे भाग आणि विजेचा धोका या शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर संरचना अभियंत्याच्या लेखी हिशेबाने आणि वार्षिक तपासणीच्या नोंदींनी देणे इष्ट असते.

आपत्कालीन उपयोग

१९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २००१ चा भूजचा भूकंप या प्रसंगी नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली असता हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. अशा वेळी बहुतांश भार ७ व ३.५ मेगाहर्ट्झच्या तारेच्या अँटेनांवर आणि १४५ मेगाहर्ट्झच्या उभ्या अँटेनावर असतो. हे तिन्ही हलके व स्वस्त असतात. याउलट खंडांतर संपर्काचा जड यागी अँटेना आणि त्याचे फिरकी यंत्र हे वादळात मनोऱ्याला सर्वाधिक धोका निर्माण करतात.

या कारणाने आपत्कालीन सेवेचा विचार करून उभारलेल्या सामाईक मनोऱ्यावर स्थानिक व राज्यांतर्गत संपर्काचे अँटेना जड अँटेनापासून स्वतंत्र ठेवतात. त्यांच्या केबल वेगळ्या असतात, ते फिरकी यंत्रावर किंवा सामाईक स्विचवर अवलंबून नसतात आणि त्यांचे यंत्र बॅटरीवर चालू शकते. तारेच्या अँटेनाचे दुसरे टोक बांधण्यासाठी मनोऱ्याखेरीज झाड, खांब किंवा शेजारची इमारत असा पर्यायही निश्चित करून ठेवतात, जेणेकरून मनोराच पडला तरी संपर्क पूर्णपणे तुटत नाही.

शैक्षणिक उपयोग

१४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झचे अँटेना उपग्रहांच्या संकेतांसाठीही वापरता येतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी हौशी रेडिओसाठी 'हॅमसॅट' उपग्रह सोडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला 'स्वयम्' हा लघुउपग्रह २२ जून २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. उपग्रहाचा मागोवा घेण्यासाठी अँटेना आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांत फिरवावा लागतो. तो उंचीवर असण्याची फारशी गरज नसल्याने, सामाईक मनोऱ्यावर गर्दी करण्याऐवजी गच्चीवरील मोकळ्या जागी लहान तिवईवर बसवणे सोयीचे ठरते.

मर्यादा

सामाईक वापरामुळे जागा व खर्च वाचतो, परंतु सर्व अँटेनांचे भवितव्य एकाच पायाशी बांधले जाते. एका अँटेनाच्या दुरुस्तीसाठी सर्व केंद्रे बंद ठेवावी लागतात. कोणत्याही अँटेनाला त्याच्या पट्ट्यासाठी आदर्श असलेली उंची मिळतेच असे नाही. म्हणून मनोऱ्याची रचना करताना प्रथम कोणता संपर्क कोणत्याही परिस्थितीत टिकला पाहिजे हे ठरवतात, आणि उरलेल्या क्षमतेतच इतर अँटेनांना स्थान देतात.

हेही पहा

* हौशी रेडिओ
* यागी-उदा अँटेना
* आयनांबर
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* पिंपरी-चिंचवड
* चाकण